जुन्या गाडीतील कोड मागणारा स्टिरिओ: कुलूप ओळखणे आणि उघडणे

विचारणा अशी आहे: वापरलेली गाडी घेतली, थोड्याच दिवसांत बॅटरी बदलावी लागली, आणि त्यानंतर कंपनीने बसवलेला स्टिरिओ सुरू केला की पडद्यावर फक्त ‘कोड’ हा शब्द येतो. आधीच्या मालकाला कोड आठवत नाही, अंदाजाने काही आकडे घालून पाहिले, आता तर बटणेही दाद देत नाहीत. सेट दुरुस्तीला द्यावा, की काढून नवा बसवावा?

दोन्हींपैकी काहीच इतक्यात करू नये, हे माझे उत्तर. अंदाजाने आकडे घालणे मात्र आत्ताच थांबवावे. हा सेट बिघडलेला नाही. ज्या कामासाठी तो तसा बनवला आहे तेच काम तो करतो आहे, आणि अशा बहुतेक प्रकरणांत घोडे कागदपत्रांपाशी अडलेले असते, वायरिंगपाशी नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या कुलूपबंद सेटांपैकी पुष्कळसे पेचकस न लावताच सुरू होतात. ज्यांना तो लागतो, त्यांतही बहुधा सेट बाहेर ओढून त्याच्या अंगावरचा क्रमांक वाचण्यापुरताच लागतो.

या व्यवस्थेचे तत्त्व साधे आहे. सेटच्या आत एक लहान मेमरी चिप असते आणि तिच्यातील नोंद वीज गेली तरी पुसली जात नाही; कोड तिथे असतो. त्याखेरीज बॅटरीकडून एक वायर सेटला अखंड वीज पुरवत असते, जिला आम्ही मेमरीची वायर म्हणतो. घड्याळ, लावून ठेवलेली स्टेशने आणि आपण अजून गाडीतच आहोत ही सेटची खात्री, या तिन्ही गोष्टी त्या वायरवर अवलंबून असतात. ती वीज तुटली की सेटच्या लेखी चोरी झाली, मग प्रत्यक्षात बॅटरी बदललेली असो, टर्मिनल सैल झालेले असो, फ्यूज काढलेला असो किंवा गाडी बराच काळ उभी राहून बॅटरी पार उतरलेली असो. बॅटरी रात्रभर काढून ठेवली की सेट कोड विसरतो, असे हमखास सांगणारे लोक भेटतात. त्यात तथ्य नाही. बॅटरी काढल्यामुळेच तर हे कुलूप लागले आहे.

कामाला लागण्यापूर्वी कुलूप कोणत्या जातीचे आहे ते ठरवावे, कारण तिन्ही जातींचे उपाय वेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर करण्यात दिवस फुकट जातात.

पहिली आणि जुन्या गाड्यांत सर्वाधिक आढळणारी जात आकडी कोडची. पडद्यावर ‘कोड’ येतो, जुन्या फोक्सवॅगन आणि ऑडीच्या सेटांवर ‘सेफ’, जनरल मोटर्सच्या जुन्या सेटांवर ‘लॉक’. कोड बहुधा चार आकडी असतो. होंडाच्या आणि बेकर या सेट बनवणाऱ्या कंपनीच्या अनेक सेटांचा पाच आकडी असतो. जुन्या टोयोटा गाड्यांतील काही सेटांची गोष्ट निराळी आहे: तेथे तीन आकडी कोड मालकाने स्वतः ठरवून घालायचा असे. असा कोड सेटच्या क्रमांकावरून काढता येत नाही, आणि चुकीचे प्रयत्न संपून पडद्यावर ‘हेल्प’ आले की तो अधिकृत सेवा केंद्राकडूनच मोकळा करून घ्यावा लागतो. अशा वेळी आधीच्या मालकाला ‘कोड सांगा’ असे न विचारता ‘तुम्ही तीन आकडे कोणते ठेवले असते’ असे विचारून पाहावे; पुष्कळदा उत्तर मिळते.

दुसरी जात गाडीशी जोडलेल्या सेटची. यात मालकाला कोड घालावाच लागत नाही. सेट सुरू होताना गाडीच्या अंतर्गत जाळ्यातून चेसिस नंबर किंवा मीटर, मुख्य नियंत्रक अशा एखाद्या भागाची ओळख मागतो आणि ती जुळली की निमूट वाजू लागतो. पेजो आणि सित्रोएनच्या, तसेच जनरल मोटर्सच्या नंतरच्या गाड्यांत ही पद्धत आहे. ऑडी आणि फोक्सवॅगनच्या नव्या गाड्यांत तिचे अधिक कडक रूप असून तेथे भाग बदलल्यावर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधूनच तो मंजूर करून घ्यावा लागतो. येथे एक अनुमान फार उपयोगी पडते. या पद्धतीत केवळ बॅटरी बदलल्याने सेट सहसा बंद पडत नाही, कारण वीज परतल्यावर त्याला आपलीच गाडी सापडते. तरीही तो कुलूपबंद असेल, तर सेट दुसऱ्या गाडीतून आणलेला आहे किंवा त्याला ओळख देणारा भाग बदललेला आहे. म्हणजे प्रश्न स्टिरिओपुरता राहत नाही. गाडीला अपघात झाला होता का, पाण्यात बुडाली होती का, डॅशबोर्ड खोलला होता का, हे विक्रेत्याला विचारण्याचे कारण हाती येते. होंडाच्या अनेक गाड्यांत या दोन्ही पद्धतींचा मेळ आहे: इग्निशन चालू करून सेटचे पॉवर बटण दोन सेकंदांहून थोडे अधिक दाबून धरले की सेट गाडीच्या नियंत्रकाची ओळख पटवतो आणि कोडचा प्रश्नच मिटतो. या उपायाने काही बिघडत नाही, म्हणून होंडावाल्यांनी आधी तेच करून पाहावे.

तिसरी जात बाहेरून बसवलेल्या सेटची. येथे संरक्षण म्हणजे काढून घेता येणारा पुढचा पॅनेल, किंवा टचस्क्रीन असल्यास मालकाने ठेवलेला पासवर्ड. गाडीच्या कंपनीला यातले काहीच ठाऊक नसते. सेट बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात, तो आपला असल्याचा पुरावा घेऊन जावे लागते. पॅनेल हरवला असेल तर त्याच मॉडेलचा वापरलेला पॅनेल शोधणे हा एकच मार्ग, आणि तो बहुधा नव्या साध्या सेटपेक्षा फायद्याचा ठरत नाही. जाता जाता सांगतो, की गाडी बंद असताना सेटवर लुकलुकणारा लाल दिवा हा बिघाड नव्हे. चोराला दुरूनच इशारा मिळावा म्हणून तो दिलेला असतो.

आता चुकलेल्या प्रयत्नांविषयी, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. प्रत्येक सेट चुकीचे प्रयत्न मोजतो आणि ही मोजणीसुद्धा वीज गेल्यावर न पुसणाऱ्या मेमरीत ठेवतो. जुन्या फोक्सवॅगन सेटांत दोन प्रयत्न चुकले की सेट सुमारे तासभर काहीच स्वीकारत नाही. रेनोच्या सेटांत दर चुकीबरोबर थांबण्याचा काळ दुप्पट होत जातो. होंडामध्ये दहा प्रयत्नांनंतर सेट अडतो, तर फोर्डच्या काही सेटांवर मर्यादा संपली की ‘लॉक्ड १३’ असे दिसते, आणि तेथे मागाहून खरा कोड सापडला तरी तो घालायला जागा उरत नाही. चार आकडी कोडच्या दहा हजार शक्यता असतात हे लक्षात घेतले, की अंदाजाने कोड लागण्याची आशा किती फोल आहे हे वेगळे सांगायला नको.

तुमची बटणे दाद देत नाहीत, याचा अर्थ सेट बहुधा या प्रतीक्षेच्या अवस्थेत आहे. त्यातून बाहेर पडण्याची रीत अशी: इग्निशन चालू ठेवावे, सेटही चालू ठेवावा, आणि एक तास, शक्य तर थोडा अधिक वेळ, त्याला हात लावू नये. बहुतेक सेटांत हा काळ सेटला वीज मिळत असतानाच मोजला जातो. गाडी बंद करून दुसऱ्या दिवशी आलात, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कित्येक जण आठवडाभर वाट पाहूनही तिथेच अडकून राहतात ते यामुळेच. तासभर इग्निशन चालू ठेवल्याने बॅटरीवर ताण येतो, म्हणून हेडलाइट आणि पंखा बंद ठेवावा व बॅटरी अशक्त असेल तर चार्जर लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आकडा १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी उतरलेली समजावी आणि चार्जरशिवाय हा प्रयोग करू नये. तासाच्या अखेरीस व्होल्टेज कोसळले तर केलेले सगळे वाया जाते.

हा तास कोड शोधण्यात घालवावा. प्रथम कागद. कोडचे कार्ड बहुधा गाडीच्या माहितीपुस्तिकेच्या पाकिटात असते आणि पुस्तिका पहिल्या मालकाच्या घरीच राहून गेलेली असते. म्हणून विक्रेत्याकडे कोड न मागता ते सबंध पाकीट मागावे. सर्व्हिस बुकच्या आतल्या पानावर चिकटवलेले लेबल, ग्लोव्ह बॉक्सच्या दाराची आतली बाजू, ॲशट्रेचा तळ, स्टेपनीखालची जागा या ठिकाणी कोणीतरी कधीतरी आकडे लिहून ठेवलेले आढळतात. जिथे गाडीची नियमित सर्व्हिसिंग होत होती त्या केंद्रालाही विचारावे; बॅटरी बदलताना त्यांना तो कोड लागलेला असतो आणि जॉब कार्डावर त्याची नोंद राहिलेली असू शकते.

कागद हाती लागला नाही, तर सेटचा स्वतःचा क्रमांक लागेल. काही सेट तो पडद्यावरच दाखवतात: होंडाच्या अनेक सेटांत आणि फोर्डच्या काही सेटांत १ आणि ६ ही बटणे एकत्र दाबून धरण्याची रीत आहे, आणि फोर्डमध्ये मग ‘एम’ किंवा ‘व्ही’ने सुरू होणारा क्रमांक सरकत जातो. याने चुकीचा प्रयत्न मोजला जात नाही. इतरांत सेट बाहेर काढावा लागतो. जुने सेट १८० बाय ५० मिलिमीटरच्या प्रमाणित खणात बसतात आणि त्यांच्या पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे किंवा फटी असतात. सेट काढायच्या किल्ल्या म्हणजे छिद्रांसाठी इंग्रजी यू आकाराच्या दोन तारा, फटींसाठी पातळ पात्या. दोन्ही बाजूंच्या किल्ल्या ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत आत ढकलाव्यात, किंचित बाहेरच्या बाजूला ताणाव्यात आणि सेट सरळ ओढावा. सेट तिरका झाला तर तो अडकतो आणि मग जोर लावणाऱ्याच्या हातात डॅशबोर्डची चौकट येते. सेट बाहेर आला की मागे अँटेनाची वायर आणि कपलर, म्हणजे वायरींचे जोड, दिसतात; नुसते लेबल वाचायचे असेल तर ते काढण्याची गरज नसते.

लेबल सहसा सेटच्या डाव्या किंवा वरच्या पत्र्यावर असते. त्यावर तीन-चार क्रमांक असतात आणि इथे घोटाळा होतो: कोणी भाग क्रमांक पाठवतो, कोणी बारकोडखालचा आकडा पाठवतो. फोक्सवॅगनच्या सेटांचा आपल्याला हवा तो क्रमांक ‘व्हीडब्ल्यूझेड’ने सुरू होऊन एकूण चौदा अक्षरांचा असतो, स्कोडाचा ‘एसकेझेड’ने, ऑडीचा ‘एयूझेड’ने. रेनोमध्ये मात्र एक अक्षर आणि तीन आकडे एवढेच महत्त्वाचे. सगळ्या लेबलांचे उजेडात, सरळ समोरून छायाचित्र घ्यावे. गाडीच्या सतरा अंकाक्षरी चेसिस नंबरमध्ये ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, त्यामुळे तेथे शून्य हे शून्यच असते. सेटच्या क्रमांकाला तो नियम लागू नाही, म्हणून हाताने उतरवून घेतलेल्या क्रमांकावर मी विसंबत नाही.

हे छायाचित्र, चेसिस नंबर, गाडीचे तुमच्या नावावरचे नोंदणीपत्र आणि ओळखपत्र घेऊन गाडीच्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जावे. नोंदणी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर खरेदीची पावती आणि त्याचे पत्र बरोबर ठेवावे. ते पुरावा मागतात यात गैर काही नाही, न मागणाऱ्याविषयीच शंका घ्यावी. काही कंपन्या संकेतस्थळावरूनही कोड देतात. क्रमांकावरून कोड काढून देणाऱ्या खासगी सेवाही आहेत आणि ज्या सेटांचा कोड क्रमांकावरून गणिताने निघतो तेथे त्या खऱ्याही ठरतात, परंतु कंपनीकडून नकार आल्यावरच तिकडे वळावे, आणि तेही असा कोड घालायला एकाहून अधिक प्रयत्न शिल्लक असताना. अधिकृत विक्रेत्याने ‘हा सेट या गाडीचा नाही’ असे सांगितले, तर वर म्हटलेली चौकशी येथेही लागू होते.

कोड मिळाला तरी तो घालताना घाई करू नये. बहुतेक सेटांत पहिला आकडा १ क्रमांकाच्या बटणाने, दुसरा २ च्या बटणाने असे घालतात आणि बटण जितक्या वेळा दाबावे तितका आकडा पुढे सरकतो. म्हणजे कोड ४०७२ असेल तर ४, ०, ७, २ ही बटणे ओळीने दाबायची नसतात. जुन्या फोक्सवॅगन सेटांत ‘सेफ’नंतर पडद्यावर १००० दिसते. ती केवळ सुरुवातीची स्थिती आहे, पण पुष्कळ जण तोच कोड समजून पक्का करतात आणि एक प्रयत्न घालवून बसतात. पक्के करण्याचे बटणही वेगवेगळे असते: रेनोच्या काही सेटांत ६ दाबून धरायचे, फोर्डच्या काहींत ५ दाबायचे, फोक्सवॅगनमध्ये स्टेशन शोधण्याचे बटण दोन सेकंदांहून अधिक धरायचे. आपल्या मॉडेलची रीत आधी वाचावी आणि पडद्यावरचे चारही आकडे कागदाशी ताडून मगच पक्के करावे.

सेट सुरू झाला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कोड मागितला, असे झाले तर दोष वायरिंगचा आहे, आणि जुन्या गाडीत हे वरचेवर दिसते. सेटच्या मागच्या प्रमाणित कपलरवर वीजपुरवठ्याच्या खणात चौथी पिन अखंड विजेची, सातवी इग्निशनची आणि आठवी अर्थिंगची असते. काही गाड्यांत मात्र चौथी आणि सातवी यांची अदलाबदल असते, आणि मध्ये कोणी बाहेरचा सेट बसवून पुन्हा मूळ सेट लावला असेल तर पिवळी आणि लाल वायर उलटसुलट जोडलेली आढळते. मग चावी काढली की मेमरीची वीज जाते आणि सेट दर वेळी चोरी झाल्याचे समजतो. मल्टिमीटरची काळी तार आठव्या पिनवर ठेवून चावी काढलेली असताना चौथ्या पिनवर बॅटरीइतके व्होल्टेज मिळते का, आणि चावी फिरवल्यावर ते सातव्या पिनवर येते का, एवढे पाहिले की निदान होते. व्होल्टेज बरोबर असूनही फक्त स्टार्टर मारताना सेट कोड मागत असेल, तर बॅटरी थकलेली आहे किंवा टर्मिनलवर गंज चढला आहे. स्टिरिओवाल्याकडे न जाता बॅटरीवाल्याकडे जावे.

मर्यादा संपलेल्या सेटसाठी एक मार्ग उरतो. जाणकार इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला सेट उघडून मेमरी चिप उपकरणाने वाचतो व प्रयत्नांची मोजणी मोकळी करतो. हे काम बारीक डाखणीचे आहे, घरी करून पाहण्याचे नाही, आणि प्रामाणिक कारागीर सेटबरोबर गाडीची कागदपत्रे मागतो. साध्या, एका खणाच्या जुन्या सेटवर हा खर्च करावा असे मला वाटत नाही. वातानुकूलन, पार्किंग कॅमेरा किंवा गाडीच्या सेटिंग ज्या सेटच्या पडद्यावरून चालतात तेथे मात्र तो करावा, कारण तो सेट बदलला की स्टिअरिंगवरची बटणे, कॅमेरा आणि कधीकधी सूचनांचे आवाजही जातात आणि ते परत मिळवायला वेगळे अडॅप्टर घ्यावे लागतात. काही महागड्या गाड्यांत सेट, अँप्लिफायर आणि इतर भाग प्रकाशतंतूच्या वर्तुळाने जोडलेले असतात. तेथे एक भाग काढला की सगळ्यांचाच आवाज बंद होतो, आणि तो तंतू दुमडला तर नवीच अडचण उभी राहते.

वापरलेला बदली सेट घ्यायचा झाल्यास विक्रेत्याकडून कोड लेखी घ्यावा आणि त्याच्यासमोरच वीज तोडून सेट कुलूपबंद करून पुन्हा उघडून पाहावा. काही सेटांत आतला विजेचा साठा थोडा वेळ टिकतो, म्हणून क्षणभर वायर काढून लावल्याने काही सिद्ध होत नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. लेबल खरवडलेला सेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पुढच्या वेळी बॅटरी बदलताना गाडीला दुसऱ्या १२ व्होल्टच्या साधनातून वीज चालू ठेवता येते. गाडीचे दोष तपासणारे यंत्र ज्यात लावतात त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनवर अखंड वीज असते आणि त्यासाठी तयार केबल मिळतात. सिगारेट लायटरचे सॉकेट चावी काढल्यावर मरत असेल तर त्याचा उपयोग नाही. या पद्धतीत काढलेली पॉझिटिव्ह केबल जिवंत राहते, म्हणून तिचे टोक रबराने गुंडाळावे आणि बॉडीला लागू देऊ नये. हे जमणार नसेल तर बॅटरी सोडण्यापूर्वी कोड हातात आहे ना, एवढे पाहावे. मिळालेला कोड गाडीत ठेवू नये. तो सेटच्या क्रमांकासह घरच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि गाडी विकताना नोंदणीपत्राबरोबर पुढच्या मालकाला द्यावा.